कार्बोरेटर साफ केला, आठ दिवसांनी पुन्हा बंद: जुन्या चेनसॉच्या परतणाऱ्या तक्रारीविषयी

मे महिन्याचा दुसरा आठवडा लागला की भांडुपमधल्या माझ्या गाळ्यात चेनसॉ येऊ लागतात. पावसाआधी फांद्या छाटून घ्यायच्या म्हणून गृहनिर्माण संस्थांच्या पंपाच्या खोल्यांतून आणि छाटणीच्या कंत्राटदारांच्या टेम्पोंतून ही मशिने बाहेर निघतात, दोरी ओढून ओढून माळ्याचा खांदा दुखू लागतो आणि मग कोणीतरी मशीन पोत्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन येतो. बोलणे ठरलेले असते: "मागच्या वर्षी मस्त चालत होतं, फक्त कार्बोरेटर साफ करून द्या." यातली पुष्कळ मशिने मुळातच सेकंडहँड आहेत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, शहरभर झाडे पडली, आणि त्यानंतर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा दारूखान्यातून मिळेल ते मशीन अनेकांनी उचलले. त्या वेळी घेतलेली मशिने आता दरवर्षी माझ्याकडे फेरी मारतात.

त्यातल्याच एका पन्नास सीसीच्या मशिनाने मला चांगलेच खजील केले. मुलुंडच्या एका संस्थेचे ते मशीन मी एकाच महिन्यात दोनदा कार्बोरेटर साफ करून परत पाठवले. दोन्ही वेळा ते माझ्यासमोर तिसऱ्या दोरीला सुरू झाले आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत आले. तिसऱ्या वेळी संस्थेच्या माळीकाकांनी ते टेबलावर ठेवले आणि एवढेच म्हणाले, "मिस्त्री, ह्याला आता इथेच राहू द्या, माझं रिक्षाभाडं तरी वाचेल." कार्बोरेटर साफ केल्यावर मशीन सुरू झाले म्हणजे दोष कार्बोरेटरमध्येच होता, असे मी तोवर धरून चाललो होतो. प्रत्यक्षात साफ केलेला आणि स्क्रू थोडे मोकळे सोडलेला कार्बोरेटर जास्त पेट्रोल देतो, आणि त्या जादा पेट्रोलाखाली खरा दोष काही दिवस झाकला जातो. पुढे दिलेला तपासणीचा क्रम त्या अनुभवानंतर ठरलेला आहे.

सर्वात आधी सायलेन्सर काढावा. बहुतेक मशिनांत तो दोन किंवा तीन बोल्टांवर असतो आणि काम पाच मिनिटांचे असते. सायलेन्सर निघाला की धुराच्या वाटेतून पिस्टन थेट दिसतो. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दोरी हळूहळू ओढली असता पिस्टनची बाजू वरपासून खालपर्यंत तपासता येते. ती गुळगुळीत असेल आणि रिंग बोथट काडीने दाबल्यावर किंचित आत जाऊन परत येत असेल, तर मशिनावर खर्च करण्यात अर्थ आहे. धुराच्या बाजूला उभे ओरखडे असतील, तर हे मशीन कधीतरी पेट्रोलात मिसळायच्या तेलाविना किंवा फार पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा मिश्रणावर चालले आहे. ओरखडे कार्बोरेटरच्या बाजूला असतील आणि पृष्ठभाग घासल्यासारखा निस्तेज दिसत असेल, तर फाटक्या एअर फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत गेली आहे. सेकंडहँड मशीन विकत घेतानाच ही तपासणी करावी. विकणारा बोल्ट उघडू देत नसेल तर ते मशीन तिथेच सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरून नवा रंग मारलेल्या मशिनात मी चार रेघा पडलेले पिस्टन इतके पाहिले आहेत की चकचकीत रंग दिसला की मला आधी संशयच येतो.

सायलेन्सर हातात आहे तोवर त्याची जाळीही पाहून घ्यावी. ठिणगी बाहेर जाऊ नये म्हणून बसवलेली ही बारीक जाळी जादा तेलाच्या काजळीने पूर्ण बुजते, आणि धूर बाहेर पडू न शकल्याने मशीन सुरू होऊन लगेच दम तोडते. मुलुंडच्याच मशिनाच्या सायलेन्सरमध्ये मला कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घर सापडले होते. पंपाच्या खोलीत आठ महिने टांगलेल्या मशिनाला एवढे भाडेकरू मिळायचेच. ते मी पहिल्याच फेरीत काढले आणि दोष सापडला असे समजून खूष झालो, हाही माझ्या चुकीचा एक भाग होता.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. प्लग घट्ट बसवून आणि मशिनावर डीकॉम्प्रेशनचे (दोरी हलकी जावी म्हणून दाब सोडणारे) बटण असल्यास ते बंद असल्याची खात्री करून मशीन फक्त स्टार्टरच्या मुठीला धरून उचलावे. निरोगी मशीन हवेत थबकते आणि अडखळत खाली उतरते. सरसर खाली येणारे मशीन थकलेले आहे. मीटर लावायचा असेल तर थ्रॉटल पूर्ण दाबून पाच-सहा वेळा दोरी ओढावी. १२० पीएसआय आणि त्याहून जास्त आकडा समाधानकारक असतो, आणि १०० च्या खाली गेलेले मशीन सुरू करताना त्रास देतेच. मात्र मोटारगाडीचा लांब नळीचा मीटर एवढ्या लहान इंजिनावर आकडा कमी दाखवतो, कारण नळीतील मोकळी जागा सिलिंडरच्या जागेत मिळवली जाते. ज्याचा वाल्व्ह प्लगच्या भोकात बसणाऱ्या टोकाशीच असतो, असाच मीटर वापरावा.

करंटच्या, म्हणजे प्लगवर पडणाऱ्या ठिणगीच्या बाबतीत फार वेळ जात नाही. प्लगच्या फटीत ०.५ मिलिमीटरची गेज जावी. प्लग मशिनाच्या धातूला टेकवून, पण प्लगच्या भोकापासून दूर धरून दोरी ओढावी, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. करंट दिसत नसेल तर करंट तयार करणारी कॉइल विकत घ्यायला धावण्याआधी बंद करण्याच्या स्विचची वायर कॉइलवरून काढून पुन्हा पाहावे. सोललेली वायर बॉडीला लागून करंट बॉडीत उतरत असल्याची उदाहरणे खराब कॉइलपेक्षा जास्त आहेत. मुंबईच्या दमट हवेत मॅग्नेट (चुंबक बसवलेले फिरते चाक) आणि कॉइलच्या पत्र्यांवर गंज चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढून कॉइल पुन्हा बसवताना मध्ये व्हिजिटिंग कार्ड ठेवले की साधारण ०.३ मिलिमीटरचे अंतर मिळते. करंट असूनही मशीन दोरीला उलटा झटका देत असेल, तर मॅग्नेट काढून त्याला शाफ्टवर जागच्या जागी धरणारी चावी पाहावी. अनेक मशिनांत ही चावी म्हणजे मॅग्नेटच्या अॅल्युमिनियममध्येच ओतलेली छोटीशी कड असते. ती अर्धी कापली गेली की करंट येतो, पण चुकीच्या क्षणी येतो. फार जुन्या मशिनांत कॉइलऐवजी पॉइंट आणि कंडेन्सर असतात, आणि नुसते पॉइंट साफ करूनही ती जिवंत होतात.

आता पेट्रोलाकडे येऊ, कारण गेल्या काही वर्षांत खरी अडचण इथे वाढली आहे. २०२३ पासून आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले, तर अनेक चेनसॉंच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले आहे आणि आणखी जुन्या मशिनांचे रबर तर इथेनॉलचा विचार करून बनवलेलेच नाही. इथेनॉल हवेतील पाणी ओढते. पावसाळ्यातल्या मुंबईत अर्धी रिकामी टाकी महिनोनमहिने ठेवली की तिच्यात काय होते, हे पाहायचे असेल तर टाकीतील पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत ओतून एक रात्र ठेवावे. माळीकाकांच्या मशिनातले पेट्रोल मी सॉसच्या रिकाम्या बाटलीत ओतले होते. सकाळी वर टू-टी तेलाच्या (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलात मिसळायच्या तेलाच्या) रंगाचे निळसर पेट्रोल होते आणि तळाला बोटभर जाडीचा, जवळजवळ रंगहीन, बाटली कलंडली की स्वतंत्रपणे हलणारा थर होता. तो पाणी आणि इथेनॉल यांचा थर. टू-टी तेल वरच्या पेट्रोलात राहते आणि टाकीतील फिल्टर नेमका तळाशी पडलेला असतो; म्हणजे मशीन पहिल्यांदा ओढते ते तेल नसलेले पाणीच. अशा मशिनाला दोरी मारत राहण्याने पिस्टन चिकटण्याची वेळ येऊ शकते. म्हणून सीझनचे पहिले काम जुने पेट्रोल फेकण्याचे, आणि फेकायचे म्हणजे गटारात ओतायचे नाही, तर एखाद्या गॅरेजच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात द्यायचे.

नवे मिश्रण करतानाही एक गैरसमज सर्वत्र आढळतो. मशीन जुने आहे म्हणून तेल जरा सढळ हाताने घालावे, असे लोकांना वाटते. मिश्रणाच्या प्रत्येक थेंबात तेल वाढले की पेट्रोल तेवढे कमी होते, आणि कार्बोरेटर थेंबच मोजत असल्याने इंजिनाला मिळणारे मिश्रण उलट पातळ होते. शिवाय काजळी वाढते ती वेगळी. चांगल्या प्रतीच्या टू-टी तेलाला ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, आणि पुस्तिकेत २५:१ असेल तर ४० मिली, असे औषधाच्या मापाने मोजूनच घालावे. एका वेळी महिनाभरात संपेल इतकेच मिश्रण करावे. मुंबईतून टू-स्ट्रोक स्कूटर गेल्या तशी ही मोजमापाची सवयही गेली. गाळ्यात नव्याने शिकायला येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांनी पेट्रोलात तेल मिसळलेले कधी पाहिलेलेच नसते.

पेट्रोलची नळी टाकीतून बाहेर येते तिथे बोटाने वाकवून पाहावी. इथेनॉलने ती चिकट आणि मऊ होते किंवा उलट काडीसारखी कडक होऊन बारीक चिरते. चीर टाकीच्या आत, नळीच्या वरच्या भागात असेल तर भरलेल्या टाकीवर मशीन चालते आणि टाकी अर्धी झाली की हवा ओढून बंद पडते. "टाकी भरली की चालतं, नंतर बंद" ही तक्रार ऐकली की मी नळीच आधी बदलतो. दहा मिनिटे चालून बंद पडणाऱ्या मशिनाची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. सुस् असा आवाज होऊन हवा आत गेली आणि मशीन लगेच सुरू झाले, तर टाकीचा श्वास घेण्याचा वाल्व्ह बुजलेला आहे. झाकणाने फरक पडत नसेल तर त्याच क्षणी, मशीन गरम असतानाच, करंट पाहावा, कारण काही कॉइल थंड असताना उत्तम चालतात आणि तापल्यावर मरतात. मशीन थंड होऊन गाळ्यात येईपर्यंत हा पुरावा नाहीसा होतो. म्हणून बंद पडल्या जागीच हे पाहून ठेवायला मी ग्राहकांना सांगतो.

इतके सगळे झाल्यावर कार्बोरेटर. या मशिनांत स्कूटरसारखा फ्लोट नसतो. मशीन आडवे-उलटे धरता यावे म्हणून दोन पातळ डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदे, पेट्रोल खेचणे आणि मोजणे ही कामे करतात. पंपाच्या बाजूचा डायफ्राम इंजिनाच्या क्रँककेसमधील (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातील) दाबाच्या ठोक्यांवर फडफडतो, तर मोजणाऱ्या बाजूचा डायफ्राम एका छोट्या लिव्हरमार्फत पेट्रोलची वाट अडवणारी सुई उघडतो. जुना डायफ्राम कानाजवळ हलवला असता कागदासारखा कडकडत असेल, तर साफसफाई व्यर्थ आहे, नव्या डायफ्राम-गॅस्केटचे किटच बसवावे. किट बसवताना होणारी चूक क्रमाची असते: मोजणाऱ्या बाजूला आधी गॅस्केट आणि त्यावर डायफ्राम, तर पंपाच्या बाजूला आधी डायफ्राम आणि त्यावर गॅस्केट, हा बहुतेक कार्बोरेटरांचा क्रम आहे, तरीही उघडताना फोटो काढून ठेवावा. पंपाच्या झाकणाखाली टिकलीएवढी एक जाळी असते. ती अनेकांना ठाऊकच नसते आणि सगळा कचरा तिथेच बसलेला असतो. जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोंडाच्या) भोकात तार घालण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. एकदा मोठे झालेले भोक पुन्हा लहान होत नाही. कार्बोरेटर साफ करण्याचा फवाराही डायफ्राम आणि सुई काढल्यावरच मारावा, एरवी तो रबराला फुगवतो.

सुई नीट बसते की नाही हे पाहण्यासाठी मी रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि तबकडी वापरतो. पेट्रोलच्या तोंडावर नळी लावून दाब तबकडीवरच्या २५० (मिलिमीटर पारा) पर्यंत चढवायचा; काटा स्थिर राहिला तर सुई ठीक, घसरू लागला तर सुई किंवा तिची बैठक खराब. तबकडीवरचे ३०० म्हणजे साधारण ०.४ बार, त्यामुळे क्रँककेसच्या दाबाच्या तपासणीलाही तेच साधन पुरते.

आणि मुलुंडच्या मशिनाचा उलगडा तिथेच झाला. तिसऱ्या फेरीत मी मशीन सुरू करून फक्त ऐकत बसलो. थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली यायला हवा. हे मशीन दोन-तीन सेकंद वरच रेंगाळत होते आणि बाजूवर कलंडवले की त्याचा वेग आपोआप बदलत होता. ही मशीन कुठून तरी जादा हवा घेत असल्याची खूण आहे. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधली रबरी नळी ताणून पाहिली, तिला चीर नव्हती. मग सिलिंडरच्या कार्बोरेटरकडच्या आणि धुराच्या अशा दोन्ही वाटा सायकलच्या ट्यूबचे तुकडे दाबून बंद केल्या आणि फुग्याने हवा भरली. काटा २५० वर चिकटून राहिला, आणि मी त्याला निर्दोष ठरवून टाकणारच होतो. परंतु क्रँकच्या ऑइल सीलला (शाफ्टभोवतीची गळती रोखणाऱ्या रबरी कड्याला) ओठ असतो. आतून दाब आला की तो शाफ्टवर अधिक घट्ट बसतो आणि आतून ओढ लागली की उचलला जाऊ शकतो, आणि चालत्या इंजिनात दाब आणि ओढ दोन्ही आळीपाळीने येतात. म्हणून शेजारच्या ब्रेकवाल्याकडचा हवा ओढणारा हातपंप आणून उलटी तपासणी केली. तीन सेकंदांत काटा शून्यावर आला. क्लच काढून त्यामागच्या सीलच्या ओठावर इंजिन ऑइलचा एक थेंब सोडला, पंप हलवला, आणि तो थेंब माझ्या डोळ्यांदेखत शाफ्टच्या कडेने आत ओढला गेला.

क्लचविषयी एक सूचना इथेच देतो. तो उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. आणि तो सोडवताना पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून बोल्ट न घालता नायलॉनच्या दोरीची घडी घालावी, एरवी पिस्टनच्या डोक्याला भोक पडते. सील दोन्ही बाजूंचे बदलावे, मापे व्हर्नियरने घ्यावीत. नागदेवी स्ट्रीटवर माप सांगितले की सील मिळते. बेअरिंगही आवाज करत असेल तर ते घेताना दुकानदाराला सी-३ (आत थोडी जास्त मोकळीक असलेले) असेच सांगावे, आणि दोन्ही बाजूंनी उघडे असलेलेच घ्यावे. या बेअरिंगला वंगण पेट्रोलमधल्या तेलातून मिळते, त्यामुळे बंद बेअरिंग तिथे उपयोगाचे नाही. माळीकाकांच्या मशिनाला लागलेल्या दोन सीलांची किंमत मी दोनदा घेतलेल्या मजुरीच्या पावपटही नव्हती, आणि ती मजुरी मी परत केली.

गळती बंद झाल्यावरच कार्बोरेटरचे स्क्रू लावावेत. एल (कमी वेगाचा) आणि एच (पूर्ण वेगाचा) दोन्ही हलक्या हाताने बंद करून सुमारे एक-एक फेरा उघडले की बहुतेक मशिने सुरू होण्याइतकी जागेवर येतात. एल असा ठेवावा की थ्रॉटल दाबताच मशीन अडखळू नये. एच फिरवताना कान महत्त्वाचा: मशीन रिकामे पूर्ण वेगात असताना आवाज किंचित जड आणि फाटका यावा आणि लाकडात घातल्यावर तो मोकळा, सलग व्हावा. रिकामे असतानाच तीक्ष्ण किंचाळी येत असेल तर मिश्रण पातळ आहे, आणि इथेनॉलमुळे ते आधीच थोडे पातळ झालेले असते; अशा वेळी एच पाव फेरा उघडण्यात शहाणपण आहे. स्लोमध्ये, म्हणजे थ्रॉटल सोडलेला असताना, चेन अजिबात फिरता कामा नये. फिरत असेल तर आधी स्लोचा स्क्रू कमी करावा, तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग पाहावी.

चाचणी जमिनीवर, मागच्या मुठीत पाय ठेवून, चेन ब्रेक लावून सुरू करावी. एका हाताने मशीन खाली सोडत दुसऱ्याने दोरी ओढण्याची जी पद्धत कंत्राटदारांची पोरे वापरतात, ती मला पाहवत नाही. कापायला रे रोडच्या वखारीतून आणलेला ओंडका ठेवावा. आवारातला गुलमोहर हा चाचणीचा ओंडका नव्हे, आणि महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानुसार त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

सीझन संपल्यावर टाकी रिकामी करून, मशीन सुरू करून ते स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. माळीकाका आता हे न चुकता करतात. ते मशीन अजून त्याच पंपाच्या खोलीत टांगलेले असते, आणि कुंभारीण पुन्हा शिरू नये म्हणून त्यांनी सायलेन्सरच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा तुकडा रबराने बांधला आहे. सुरू करण्याआधी तो काढायचा असतो, हे मात्र मार्करने त्यावर लिहून ठेवावे लागले.